उंदरांतील स्तनार्बुद विषाणू

उंदरांतील स्तनार्बुद विषाणू अर्थात माउस मॅमरी ट्यूमर व्हायरस हा उंदरांमध्ये स्तनांचा कर्करोग घडवून आणणारा रेट्रोव्हायरस आहे. त्याचे सी३एच, जीआर आदी प्रकार उंदरांच्या वंशांवरून ओळखले जातात. या प्रकारांचे जनुकक्रम परस्परांशी ९० टक्क्यांहून अधिक जुळतात.

इतिहास

अधिक कर्करोग होणाऱ्या वंशाची पिल्ले कमी कर्करोग होणाऱ्या वंशातील मादीच्या दुधावर वाढवल्यास त्यांच्यातील रोगाचे प्रमाण घटते, असे अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. दुधातील हा घटक पुढे विषाणू ठरला. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वंशांतील स्तनकर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध अभ्यासला.

साम्य व भेद

हा विषाणू पेशीत शिरल्यावर त्याच्या आरएनएची डीएनए प्रत तयार होते आणि ती पेशीच्या गुणसूत्रात सामावली जाते. जननपेशीत सामावलेली प्रत पुढील पिढ्यांत उतरते. सी३एच प्रकार मुख्यतः मातेच्या दुधातून पसरतो. जीआर वंशात तो गुणसूत्रांतून, म्हणजे नराकडूनही संततीत येतो.

विषाणूची अंतर्गत प्रथिने, विकरे व आवरण यांची जनुके सर्व प्रकारांत जवळजवळ सारखी असतात. ठळक भेद ‘सॅग’ या जनुकाच्या अखेरच्या भागात आढळतो. या जनुकाचे प्रथिन उंदराच्या टी पेशींना उद्दीपित करते. कोणत्या टी पेशी उद्दीपित होतील, हे त्याच्या टोकाकडील मोजक्या अमिनो आम्लांवर ठरते. या उद्दीपनामुळे विषाणूचा लसीका पेशींत प्रसार होतो आणि तेथून तो स्तनग्रंथींपर्यंत पोहोचतो.

मानवी संशोधनातील महत्त्व

मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधात अशा विषाणूंसारखे कण दिसल्याचे १९७१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात नोंदवले गेले. १९९५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना काही मानवी स्तनगाठींत या विषाणूशी जुळणारा जनुकखंड आढळला. तथापि हा विषाणू मानवी स्तनकर्करोगाचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

प्रकारांतील साम्य येथे अडचणीचे ठरते. प्रयोगशाळेतील बहुतेक उंदरांच्या गुणसूत्रांत विषाणूच्या प्रती असतातच. त्यामुळे नमुन्यात उंदराचा अत्यल्प डीएनए मिसळला, तरी चाचणी होकारार्थी येऊ शकते. सापडलेला क्रम मानवी संसर्गाचा की भेसळीचा, हे केवळ साम्यावरून ठरत नाही. म्हणूनच अशा नमुन्यांत उंदराचा डीएनए नाही, याची स्वतंत्र चाचणी आवश्यक मानली जाते.