तोकड्या जागेंतील भाजीपाला व भांड्यांतील माती

गांवाचे काळी व पांढरी असे दोन भाग आपले वाडवडील करीत आले. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. महसुली दप्तरांत आमचा बहुतेक जन्म काळीचा हिशेब लिहिण्यांत गेला. पांढरींत काय उगवतें हें लिहिण्यास सात-बाराच्या उताऱ्यावर रकाना नाहीं. पूर्वीं त्याची गरजहि नव्हती. घरामागें परसूं असे, मोरीच्या पाण्यावर अळू व केळ असे, आणि मांडवावर दोडका चढलेला असे. आतां पांढरी दाटली आहे. वाटण्या होतां होतां एका वाड्यांत तीन चुली झाल्या व परसाच्या जागीं दहा फूट रुंदीचें आंगण उरलें. कित्येकांचीं मुलें शिक्षणासाठीं तालुक्याच्या गांवीं दोन खोल्यांत राहतात व त्यांच्या सोबतीस घरचीं वडील माणसें असतात. शेत राहिलें दूर. आणि ज्याच्या नांवावर वीस एकर ऊंस उभा आहे, त्याच्या घरीं कोथिंबिरीची जुडी बाजारांतून विकत येते.

असें पाहून पुष्कळजण डब्यांत, कुंडींत अगर पोत्यांत भाजी लावूं लागले आहेत, हें चांगलेंच आहे. परंतु आमच्या पाहण्यांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार आली आहे. ज्याचें शेत पंचक्रोशींत नांवाजलेलें, त्याच्याच डब्यांतील मिरची पिवळी पडून बसते. आणि ज्यानें जन्मांत नांगर धरला नाहीं अशा शेजारच्या मास्तरांची मिरची फुलावर येते. लोक याला हातगुण म्हणतात. खरें कारण असें कीं, शेतकरी डब्यांत आपल्या शेतांतील उत्तमोत्तम काळी माती भरतो व शेताच्याच रीतीनें तिला वागवितो. मास्तरांस ती माती मिळत नाहीं म्हणून ते पालापाचोळा, शेणखत व विटांचा चुरा जमवून काम भागवितात, आणि अजाणतां योग्य तेंच करतात.

काळ्या मातीची थोरवी तिच्या खोलींत आहे. पावसाळ्यांत ती फुगते व पाणी सांठविते. उन्हाळ्यांत ती भेगाळते आणि वरची माती भेगांत पडून खालवर होते. रब्बी ज्वारीस ही खोलवरची ओल म्हणजे सांठवणीची ठेवच होय. हेच गुण डब्यांत अवगुण ठरतात. डब्यांत काळी माती सुकली कीं तिचा गोळा आकसून पत्र्यापासून सुटतो. मग घातलेलें पाणी त्या फटींतून सरळ खालीं जातें. भोकांतून पाणी वाहिलें म्हणजे पोट भरलें असें आपण समजतों, आणि गोळ्याचें अंतरंग कोरडेंच असतें. उलट माती पुरी भिजून फुगली, तर तिच्यांत हवेस जागा राहात नाहीं. मुळांस पाण्याइतकीच हवाहि लागते, हें शेतांत सहसा ध्यानांत येत नाहीं, कारण तेथें निचरा आपोआप होत असतो.

हा निचरा भांड्यांत कसा बदलतो, तें पाहण्यास एक सोपा प्रयोग आहे. स्नानाच्या वेळीं वापरतात तसला चपट्या विटेच्या आकाराचा स्पंज पाण्यांत पुरा भिजवावा व हातावर आडवा धरावा. टिपकणें थांबलें कीं तोच स्पंज उभा करावा. त्यांतून पुन्हां पाणी गळूं लागेल. स्पंज तोच, पाणीहि तेंच. फरक पडला तो केवळ उंचीचा. शेतांत मातीचा थर खोल असल्यानें वरचें पाणी खालीं खालीं ओढलें जातें. भांड्याला मात्र बूड आहे. बुडाशीं पाणी मातीच्या बारीक छिद्रांत अडकून राहतें, व तळचे कांहीं इंच नेहमीं गच्च ओले असतात. चार इंच खोलीच्या परातींत ही गच्च ओल जवळ जवळ वरपर्यंत पोंचते. फूटभर उंच डब्यांत तीच माती वरच्या भागांत मोकळी राहते. म्हणून पसरट भांड्यापेक्षां उभें भांडें बरें. भांड्याच्या तळाशीं खड्यांचा थर घालण्याची चाल सर्वत्र आहे, तिच्यानें निचरा सुधारत नाहीं. बारीक मातींतील पाणी ती माती पुरती भिजल्यावांचून खालच्या जाड खड्यांत उतरतच नाहीं. त्यामुळें गच्च ओलीचा थर तेवढा वर सरकतो व मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी ठेवावी, माती वाहून जाऊं नये एवढ्यापुरती. अधिक कांहीं नको.

मिश्रण आम्ही असें करतों : एक घमेलें पोयट्याची अगर तांबडी माती, एक घमेलें पुरें कुजलेलें शेणखत, आणि एक घमेलें भरड पदार्थ. भरड म्हणजे जाड वाळू, विटांचा चुरा, भाताचें तूस, नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा कुजलेलें पाचट. (पाचट जाळून तोच मनुष्य पुढें दुकानांतून काथ्याच्या विटा विकत आणतो, हें पाहून आम्हांस हसूं येतें.) काळी मातीच जवळ असेल तर ती एकंदरीच्या चवथाईहून अधिक घेऊं नये. ओलसर मिश्रण मुठींत दाबावें व बोटानें टोंचावें; ढेंकूळ फुटलें तर मिश्रण ठीक, फुटलें नाहीं तर भरड कमी पडली.

खताविषयीं तर शेतकऱ्याची संवयच आड येते. युरियाचें हल्लींचें पोतें ४५ किलोंचें. एका एकराच्या वरच्या सहा इंचांची माती सुमारें ९ लाख किलो भरते. तेव्हां एकरीं एक पोतें म्हणजे दहा किलो मातीस अवघा अर्धा ग्रॅम. आतां कोणी सहज मूठभर युरिया त्या डब्यांत टाकला व ती मूठ ४० ग्रॅमांची धरली, तर तो हिशेब एकरीं ८० पोत्यांचा होतो! मिरची करपली तर तिला दोष कसा द्यावा? शेणखत चांगलें असल्यास युरिया डब्यापासून दूरच ठेवावा हें उत्तम.

आतां जागेचा विचार. ज्यांचें घर अद्याप माळवदाचें आहे त्यांनीं त्यावर कुंडी ठेवूं नये. माळवदाचें आयुष्य पाणी न मुरण्यावर आहे, आणि रोजच्या ओलीनें खालचीं लांकडें कुजतात. स्लॅबच्या गच्चीस भाराचा हिशेब आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या ८७५ क्रमांकाच्या मानकांत वावराच्या गच्चीवर दर चौरस मीटरास १५० किलोंच्या सुमाराचा भार धरला आहे, म्हणजे चौरस फुटास सुमारें १४ किलो. ओल्या मातीचें घनफूट ४५ ते ५० किलो भरतें. तेव्हां गच्चीभर फूटभर माती पसरणें म्हणजे हिशेबाच्या तिपटीहून अधिक ओझें डोक्यावर घेणें होय. भांडीं भिंतींच्या व तुळयांच्या माथ्यावर, विटांवर उचलून ठेवावीं आणि मधली गच्ची मोकळी राखावी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ सालाच्या सुमारास बाग सुरू झाली, तींत मातीऐवजीं कुजविलेला ओला कचरा व पालापाचोळा यांवर भर होता. खताची सोय झालीच, शिवाय ओझेंहि हलकें राहिलें.

आंगणांत ओझ्याची भीति नाहीं, पण उन्हाची अडचण आहे. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारींहि सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या सुमारासच चढतो. दक्षिणेकडील दहा फूट भिंतीची सावली त्या वेळीं नऊ फूट पडते. म्हणजे दहा फुटी आंगण जवळ जवळ सगळें झांकलें जातें. तेंच मे महिन्याच्या मध्यास सूर्य नेमका माथ्यावर येतो व सावली पायाखालीं जाते. कै. श्री. अ. दाभोळकर यांनीं दहा गुंठ्यांवर कुटुंब जगविण्याचा विचार मांडतांना पानांवर पडणाऱ्या उन्हाच्या हिशेबावर भर दिला होता. आंगणास तो हिशेब दुप्पट लागू आहे. मिरची, वांगें, टोमॅटो यांस निदान सहा तास ऊन हवें, त्यांची जागा गच्चीवर किंवा उत्तरेकडील भिंतीशीं. पालक, शेपू, मेथी, पुदिना यांचें तीन-चार तासांवर भागतें. दोडका, कारलें अगर वाल यांचें मूळ आंगणांत दीड फूट खोल पिंपांत ठेवून वेल दोरीनें उन्हांत चढविला तरी चालतो. पालेभाजीस सहा ते आठ इंच माती पुरे, फळभाजीस फूटभर तरी हवी.

पाण्याची शिदोरी भांड्यांत फार थोडी. फूटभर रुंद व तितक्याच उंच कुंडींत झाडास उपयोगी पडेल असें पाणी तीन लिटरांच्या आसपास मावतें, आणि वैशाखांत भरांत आलेलें टोमॅटोचें झाड दिवसास लिटर-दोन लिटर सहज पितें. तेव्हां एक दिवसाचा खाडा चालेल, दोनांचा चालणार नाहीं. टंचाईच्या दिवसांत तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी जपून कुंडीस घालावें. कपड्यांच्या पावडरीचें पाणी मात्र घालूं नये; तींत सोडा असतो, आणि शेतांत ज्या मातीस आपण चोपण म्हणतों तीच तो डब्यांत करून ठेवतो. तें पाणी जमिनींत लावलेल्या केळीस फार तर चालेल. पत्र्याचा डबा उन्हांत तापून मुळें भाजतात, म्हणून त्यास पोत्याचें वेष्टण द्यावें. मातीच्या कुंडीस तें लागत नाहीं, ती पाझरून स्वतःच थंड राहते.

आरंभ कोथिंबिरीनें करावा. धना म्हणजे दोन बीजांचें जोडफळ. तो फळीखालीं हलकेच रगडून दुभंगावा, रात्रभर भिजवावा व अर्धा इंच खोल पेरावा. आठ-दहा दिवस कांहीं दिसत नाहीं. त्यामुळें घाबरून माती उकरूं नये. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें तीन डबे पेरले तर थंडीभर जुडी बाजारांतून आणावी लागत नाहीं. उन्हाळ्यांत ती लौकर फुलावर जाते, त्या वेळीं तेच डबे सावलींत न्यावे व पुदिन्याच्या काड्या खोंचाव्या. डबा रिकामा झाला कीं माती पोत्यावर पसरून उन्हांत सुकवावी, जुनीं मुळें वेंचून काढावीं आणि चवथाई नवें शेणखत मिसळून पुन्हां भरावी.