प्रवाळभक्षक गोगलगाय ‘ड्रुपेला’ : एक परिचय

प्रवाळभित्तींच्या ऱ्हासाची कारणे सांगताना सागरी तापमानवाढ, वादळे आणि काटेरी तारामासा यांचा उल्लेख प्रामुख्याने केला जातो. त्या मानाने जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीची ‘ड्रुपेला कॉर्नस’ ही समुद्री गोगलगाय दुर्लक्षितच राहते. म्युरिसिडी कुलातील ही प्रजाती हिंदी व पॅसिफिक महासागरांतील प्रवाळांवर आढळते.

तिचा शंख जाड, पांढरट आणि टोकदार उंचवट्यांच्या ओळींनी युक्त असतो. दिवसा ती प्रवाळाच्या फांद्यांच्या बुंध्याशी दडून बसते व मुख्यतः रात्री भक्षण करते. मुखातील कानशीसारख्या दंतुर पट्टीने ती प्रवाळाचे जिवंत ऊतक खरवडते. मागे उरतो तो चुनखडीचा पांढराशुभ्र सांगाडा. हा पांढरेपणा आणि उष्णतेमुळे होणारे विरंजन यांत मूलभूत भेद आहे. विरंजनात प्रवाळ सहजीवी शैवाल गमावतो, परंतु त्याचे ऊतक शाबूत असते. त्यामुळे तो पुन्हा सावरू शकतो. खरवडलेल्या भागात मात्र ऊतकच उरत नाही. सर्वेक्षकाने हा भेद न ओळखल्यास निदान चुकते.

अल्पसंख्य असताना ही गोगलगाय प्रवाळभित्तीचा एक स्वाभाविक घटक होय. तथापि १९८० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू प्रवाळभित्तीवर तिची संख्या प्रचंड वाढली आणि काही भागांतील प्रवाळांची मोठी हानी झाली. भक्षक माशांची घट, अळ्यांच्या वाढीस अनुकूल परिस्थिती, नैसर्गिक चढउतार अशी विविध कारणे या उद्रेकासाठी सुचविली गेली. एकच एक कारण सर्वमान्य झाले नाही.

जखमी प्रवाळाकडे या गोगलगायी आकृष्ट होतात, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. शिवाय विरंजनाने प्रवाळ मेले की उरलेल्या मोजक्या वसाहतींवर तेवढ्याच गोगलगायींचा भार पडतो. थायलंडमधील कोह ताओ येथे २०१० च्या विरंजनानंतर ड्रुपेला वंशातील गोगलगायी नेहमीचे भक्ष्य सोडून अळंबीसारख्या दिसणाऱ्या सुट्या प्रवाळांवरही आढळल्या.

हाताने गोगलगायी वेचण्याचा उपाय लहान क्षेत्रापुरता उपयोगी ठरू शकतो. परंतु त्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर पसरत असल्याने विस्तीर्ण प्रवाळभित्तीवर तो अपुरा पडतो. सारांश, ड्रुपेलाचा उद्रेक ही केवळ एका प्रजातीची समस्या म्हणून पाहता येत नाही. दुर्बल झालेल्या प्रवाळाला सावरण्याची उसंत मिळते की नाही, हाच खरा प्रश्न आहे.