शहाबादीखालची काळी माती

सोलापूरकडच्या आमच्या घरामागं बारा फूट लांब, दहा फूट रुंद असं शहाबादी अंगण आहे. ते दोनदा घातलं. पहिल्यांदा माती चोपून, वर वाळू पसरून फरश्या मांडल्या. चैत्रात सगळं सपाट होतं. श्रावणात पाय ठेवला की फरशी डुलायची, सांध्यातून गढूळ पाण्याची पिचकारी उडायची. दगड चांगला होता. काळ्या मातीचा स्वभाव आम्ही ध्यानात घेतला नव्हता.

ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. त्या लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी प्यालं की फुगतं, उन्हात आकसतं. वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. वरची फरशी मात्र त्या पाषाणाहूनही कितीतरी जुनी. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडक ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झाला. त्या थरांच्या सांध्यात छिन्नी घातली की अख्खा तक्ता सुटतो, म्हणून करवतीविनाही फरशी निघत आली. १८७१ मध्ये मुंबईकडचा लोहमार्ग शहाबादवरून रायचूरला पोहोचला आणि या दगडाला दूरच्या गावांची वाट मिळाली.

दुसऱ्या खेपेला गवंडीमामांनी आधी दीड फूट माती उपसायला लावली. वर उतार दिला की झालं, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, खड्ड्याच्या तळालाही ढाळ पाहिजे, नाहीतर फरशीखाली हौद होईल. माझ्या मते सगळ्या कामाची किल्ली इथंच आहे. सांध्यातून थोडं पाणी उतरणारच. ते आत कोंडलं की माती फुगून फरशी उचलते. म्हणून तळाचा ढाळ घरापासून दूर, कडेच्या खडी भरलेल्या चराकडे काढला. चर पुढं कढीपत्त्याच्या आळ्याशी संपतो.

तळावर काळ्या दगडाचं नऊ इंची सोलिंग केलं. दगड उभे, एकमेकांना खेटून, फटींत चिपा ठोकलेल्या. त्यावर मुरूम दोन थरांत. प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसानं चोपला. याला तीन दिवस गेले, आणि ते वाचवायचा मोह कुणी करू नये. मग दीड इंच कच आणि त्यावर दीड इंच जाडीची रफ शहाबादी. पॉलिशची फरशी पावसात निसरडी होते. पाणी भरलेल्या नळीनं लेव्हल घेऊन दहा फुटांत दोन इंच उतार दिला. सांधे बारीक वाळूनं भरले, म्हणजे एखादी फरशी खचलीच तर तोडफोड न करता उचलता येते.

कोकणात याच कामाला जांभा वापरतात. खाणीतून निघताना तो मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो. पण सच्छिद्र असल्यानं त्यावर शेवाळ लवकर धरतं.

शहाबादीचा वैरी आंबट. लिंबाचा रस, चिंचेचं पाणी सांडलं की तिथला चुना विरघळून पांढुरका डाग उरतो. तो पुसून जात नाही. फरशी ॲसिडनं धुणं म्हणजे दगडच धुऊन काढणं. साधं पाणी आणि खराटा पुरतो.

या पावसाळ्यानंतर मामांनी शिकवल्याप्रमाणे हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकून पाहिली. सगळ्या भरीव वाजल्या. नळाजवळची एक तेवढी पोकळ. उचलली, तर खालची कच धुपलेली. चार थाप्या कच घालून, लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून ती परत बसवली.