मेलेलं मरियमफूल जिवंत होत नाही

गैरसमज : वाळलेलं मरियमफूल पाण्यात टाकलं की पुन्हा जिवंत होतं.

वस्तुस्थिती : होत नाही. वाटीतल्या पाण्यात करड्या फांद्यांची मूठ उलगडते, तिचे व्हिडिओ ‘संजीवनी’ म्हणून फिरतात आणि दरवेळी हेच सांगावं लागतं. उलगडून झाल्यावर नीट पाहा. एखादं पान हिरवं झालं? नवा कोंब फुटला? पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, त्याला कुणी जिवंत म्हणत नाही. फांदीच्या दोन बाजू पाणी सारखं शोषत नाहीत, म्हणून ओली फांदी सरळ होते आणि सुकली की आत वळते. यात जिवंत पेशींचं काहीच काम नाही. म्हणूनच मरून कित्येक वर्षं झालेलं झाडही पुन्हा पुन्हा उघडतं, मिटतं.

जिवंत असतात त्या बिया. मरियमफूल म्हणजे ॲनास्टॅटिका हायरोकुंटिका, ही मोहरीच्या कुळातली, एका हंगामात संपणारी वनस्पती. सहारापासून अरबस्तानापर्यंतच्या वाळवंटांत, पावसाचं पाणी थोडा वेळ साचतं अशा कोरड्या ओढ्यांत आणि सखल जागी ती उगवते. चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं येतात, फळं धरतात, झाड मरतं आणि मिटलेल्या फांद्या बिया जपतात. पावसात फांद्या उघडल्या की थेंब फळांच्या पसरट टोकांवर आदळतात, फळं फुटतात, बिया उडतात. सगळ्या एकदम नाही; काही पुढच्या पावसासाठी राहतात. भिजलेल्या बीवर चिकट थर येतो, ती मातीला धरते आणि पुरेशी ओल असेल तर दिवसाच्या आत रुजते.

गैरसमज : ते वाऱ्यावर गडगडत बिया पसरवतं.

वस्तुस्थिती : मेलेलं झाडही मुळांनी जागेवरच घट्ट असतं. फ्रीडमन आणि स्टाइन यांचा नेगेव्ह वाळवंटातला अभ्यास (‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’, १९८०) बिया पसरवण्याचं श्रेय पावसाला देतो.

गैरसमज : ‘जेरिकोचा गुलाब’ म्हणून विकतात ते सगळं मरियमफूलच.

वस्तुस्थिती : त्यातली हिरवी होणारी वनस्पती म्हणजे मेक्सिकोकडची सेलाजिनेला. तिला फुलं येतच नाहीत. ती सुकूनही खरोखर जिवंत राहते.

गैरसमज : फूल उघडलं की बाळंतपण सोपं होतं.

वस्तुस्थिती : हज-उमऱ्याहून श्रद्धेनं आणलेलं फूल वाटीत ठेवण्यात अपाय नाही. पण त्याच्या पाण्यानं प्रसूती सुलभ होते, याला भरवशाचा वैद्यकीय पुरावा नाही. गरोदर बाईला ते पाजण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आणि कळा सुरू झाल्यावर फूल उघडण्याची वाट पाहत घरी थांबू नये.