घरी बनवलेला अँप्लिफायर लॅबमध्ये नेताना

लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून सुटे भाग आणून तुम्ही एलएम३८८६ चिपचा अँप्लिफायर बनवलात. गाणी छान वाजतात. पण तो खरंच किती चांगला आहे? ऑडिओ अॅनालायझर असलेल्या एखाद्या लॅबकडून मोजून घ्यायचं ठरवलंत, तर तिथून नेमकं काय मागायचं ते आज बघू.

बहुतेक जण एकच आकडा मागतात : टीएचडी+एन. शुद्ध १ किलोहर्ट्झचा सूर आत पाठवायचा आणि बाहेर त्या सुराशिवाय जे काही आलं, म्हणजे विकृती आणि नॉइज मिळून, ते किती टक्के आहे ते सांगायचं. इथे स्पीकर लावत नाहीत, ८ ओहमचा जाडजूड रेझिस्टर लावतात. व्याख्या सोपी आहे. पण किती वॅटला मोजलं हे सोबत लिहिलं नसेल, तर तो आकडा जवळपास निरुपयोगी.

हिशोबच करू. समजा तुमच्या अँप्लिफायरमध्ये १ मिलिव्होल्ट हमिंग आहे, बाकी सगळं आदर्श. ८ ओहमवर १ वॅट म्हणजे २.८३ व्होल्ट. त्याच्या तुलनेत हमिंग ०.०३५ टक्के. आता तोच डबा ३२ वॅटला मोजा, म्हणजे १६ व्होल्ट. उत्तर येतं ०.००६ टक्के! हमिंग होतं तेवढंच आहे, आकडा मात्र साडेपाच पटीने सुधारला. रात्री हळू आवाजात गाणी ऐकताना आपण बहुधा १ वॅटच्याही खाली असतो, त्यामुळे तुमच्या कामाचा आकडा पहिला. (खोक्यांवर छापलेल्या पीएमपीओ वॅटबद्दल मी इथे बोलत नाही. उगाच डोकं तापतं.)

म्हणून लॅबला सांगा, की आकडा द्याच, पण १ वॅटचा एफएफटी आलेखही द्या. एफएफटी म्हणजे बाहेर आलेला सिग्नल वेगवेगळ्या वारंवारितांमध्ये सुटा करून दाखवणं. खरी मजा इथे आहे, कारण दोष कुठे आहे ते यातून दिसतं. ५० हर्ट्झला सुळका असेल, तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या वायरमध्ये शिरतंय किंवा ग्राउंड लूप झालाय. १००, २००, ३०० अशी शिडी दिसली, तर रेक्टिफायर कपॅसिटर भरताना जे करंटचे झटके देतो, ते सिग्नलच्या ग्राउंडमधून वाहतायत. पहिल्यासाठी वायर किंवा ट्रान्सफॉर्मर हलवायचा, दुसऱ्यासाठी ग्राउंडची जोडणी बदलायची. चिप बदलून दोन्हीतलं काहीच सुटत नाही, आणि लोक नेमके चिपवरच पैसे घालतात. इनपुट शॉर्ट करून आणखी एक आलेख काढायला सांगा. तरीही सुळके राहिले तर दोष डब्यातच आहे.

डबा देण्याआधी तो क्लास-डी आहे का हेही सांगून ठेवा. टीपीए३११६ सारख्या चिपच्या बोर्डांत स्पीकरची दोन्ही टोकं ‘जिवंत’ असतात, त्यातलं एकही ग्राउंड नसतं. कोणी सवयीने ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावली, तर आउटपुट शॉर्ट. शिवाय क्लास-डीचा स्विचिंग नॉइज कानाला ऐकू येत नाही, पण उपकरणाला गोंधळात टाकतो. त्यासाठी मध्ये एईएस१७ प्रकारचा फिल्टर लावावा लागतो. तो त्यांच्याकडे आहे का, ते फोनवरच विचारा. आणि धातूच्या डब्याला अर्थिंग नसेल, मेनला फ्यूज नसेल, तर ते मोजायला नकार देतील. द्यायलाच हवा.

शक्य असेल तर मोजताना तिथे बसायची परवानगी मागा. टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट थोडा सैल ठेवलेला असेल, तर लाइव्ह आलेख बघत बघत तो हळूहळू फिरवता येतो. एखाद्या कोनात ५० हर्ट्झचा सुळका एकदम खाली बसतो. तिथेच बोल्ट आवळायचा.