बाळाचा श्वास मधेच थांबतो तेव्हा...

मध्यरात्री पाळण्यात डोकावलं आणि बाळाचा श्वास थांबलेला दिसला, तर काळजात धस्स होतं. पण प्रत्येक थांबा धोक्याचा नसतो. नवजात बाळ मिनिटाला साधारण 40 ते 60 श्वास घेतं. झोपेत भराभर श्वास, मग 5 ते 10 सेकंदांची विश्रांती, पुन्हा श्वास, ही लय नॉर्मल आहे.

धोका कधी?
• श्वास 20 सेकंद किंवा जास्त थांबला
• थांबा छोटा, पण ओठ-जीभ निळी पडली किंवा बाळ लुळं पडलं

अशा वेळी बाळाला गदागदा हलवू नका. तळव्यावर टिचकी मारा, पाठ चोळा आणि लगेच 108 ला फोन करा. श्वास सुरू झाला तरी डॉक्टरांना दाखवाच.

37 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूतलं श्वासाचं केंद्र अपरिपक्व असतं, म्हणून हा त्रास जास्त. 28 आठवड्यांआधीच्या जवळपास सर्वच बाळांना तो होतो. त्यावरचं मुख्य औषध म्हणजे कॅफिन, आपल्या कॉफीत असतं तेच! अर्थात ते मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं.

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर मोफत उपचार होतात.

आजी-मावश्यांना एक कळकळीची विनंती: बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी नको. बाळाला उताणंच झोपवा. ही पोस्ट घरातल्या प्रत्येक गरोदर लेकी-सुनेपर्यंत पोहोचवा.