सेवकव्यवस्था आणि शाळेतील नवे प्रयोग

कोणत्याही संस्थेत नवी कल्पना जन्मास येते ती एखाद्या व्यक्तीच्या मनात. ती रुजते की करपते, हे मात्र बव्हंशी त्या संस्थेच्या सेवकव्यवस्थेवर अवलंबून असते. नेमणूक, प्रशिक्षण, बदली, गोपनीय अहवाल या बाबी आपण निव्वळ कचेरीच्या कामकाजातील समजतो. वस्तुतः वर्गात नवे काही घडेल की नाही, याचा निर्णय पुष्कळदा तेथेच होऊन जातो.

आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 1961 च्या अहवालास अनुसरून 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळांचा कारभार त्यांजकडे आला.

झरी जामणी वा केळापूर तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावरील शाळा घ्या. पहिलीतील मूल घरी कोलामी बोलते. ही भाषा द्राविडी कुळातील, म्हणजे मराठीहून मुळातच निराळी. ती कानावर बसण्यास शिक्षकाला बराच काळ लागतो. मग कोठे तो दोन्ही भाषांचे शब्दतक्ते करू लागतो, मुलांची गाणी टिपून घेतो. 2017 च्या बदली धोरणाने अवघड क्षेत्रात सलग 3 वर्षे सेवा झालेल्या शिक्षकास बदली मागण्याचा अधिकार दिला. ते न्याय्यच होय. दुर्गम गावी कोणास जन्मभर ठेवणे उचित नव्हे. परंतु शिक्षक गेला की तक्ते कपाटात पडतात, आणि मुलांपुढे पुन्हा परकी भाषा उभी राहते. पदभार देताना जडवस्तुसंग्रहाची नोंदवही काटेकोरपणे तपासली जाते, खुर्च्या मोजल्या जातात. प्रयोगाची वही मात्र कोणी मागत नाही!

तपासणीचेही तसेच. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी अध्यापन रुजविले. वर्गाच्या फरशीवर आकृत्या आल्या, मुले गटागटाने स्वतः शिकू लागली, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास गेले. अधिकारी उणीव टिपण्यास येणार, अशी धास्ती असेल तर शिक्षक जुन्या वाटेनेच चालतो. तो सहाध्यायी म्हणून येत असेल तर फसलेला प्रयोगही मोकळेपणाने सांगतो.

आपल्या जिल्ह्यात यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. पोडावरील शाळेचा पदभार देताना जुन्या व नव्या शिक्षकाने काही दिवस एकत्र वर्ग घ्यावा, शब्दतक्ते व टिपणे यांची नोंद पदभार यादीत करावी, आणि केंद्रप्रमुखांनी पुढील शिक्षण परिषदेत ती वही मागून पाहावी.